परसातलं ‘ख्रिसमस ट्री’ नक्की कोणतं? ओळख कुठे चुकते आणि ती पक्की कशी करायची

गोव्यात बारा महिने हिरवं, सुईसारख्या पानांचं, वर निमुळतं होत गेलेलं काहीही दिसलं की त्याला दोनच नावं मिळतात: ‘पाइन’ नाहीतर ‘ख्रिसमस ट्री’. या दोन नावांखाली परसांत आठ-दहा वेगवेगळी झाडं उभी आहेत आणि त्यांतली काही तर सूचिपर्णी (पाइन, सायप्रस यांच्या गटातली) नाहीतच. नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं: पाणी, छाटणी, औषध, भिंतीपासूनचं अंतर. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

ओळख चुकली आहे, हे सांगणारी लक्षणं

- नाताळला कुंडीत आणलेलं हातभर रोप जमिनीत लावलं आणि आता ते कौलांच्या वर गेलंय.
- फोनमधल्या ॲपला तीन फोटो दाखवले, तीन वेगळी नावं आली.
- खालच्या फांद्यांवर टोचणारी पानं, वरच्या फांद्यांवर दोरीसारखी गुळगुळीत. एकाच झाडावर.
- वाढ खुंटली म्हणून वारंवार युरिया घातला, फरक शून्य.
- बुटकं राहावं म्हणून शेंडा मारला. आता तीन-चार शेंडे फुटून झाड विस्कटलंय.
- छाटलेल्या जागी वर्ष झालं तरी हिरवं फुटत नाही.
- झाड एका बाजूला कललंय आणि शेजारी म्हणतो, पुढच्या पावसात पडणार.

यांतलं एक जरी जुळत असेल तर खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या सहा फुकट आहेत आणि बहुतेक झाडं तिथेच ओळखली जातात.

१. हे झाड कुणी लावलं, ते विचारा

ही तपासणी हमखास गाळली जाते. गोव्याच्या रानात आपोआप उगवणारा सूचिपर्णी वृक्ष नाही. दक्षिण भारताचा म्हणावा असा एकच आहे, नागेया वालिचियाना, आणि त्याचं घर गोव्याच्या बरंच खाली, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडल्या डोंगरांत. म्हणजे परसातलं झाड कुणीतरी कुठून तरी आणून लावलेलं आहे. साधारण किती वर्षांपूर्वी, नर्सरीतून की चर्चच्या आवारातून, कुंडीतून की बियांपासून, एवढं कळलं तरी यादी अर्ध्यावर येते. नाताळच्या बाजारातून कुंडीत आलं असेल तर अरौकारिया (पाटीवरचं ‘नॉरफोक पाइन’) किंवा लिंबाच्या वासाचा पिवळट सायप्रस. कुंपणाला ओळीने लावलं असेल तर मोरपंखी किंवा लांब चपट्या पानांचा पोडोकार्पस. किनाऱ्याजवळच्या भाटात कुणी न लावता आलं असेल तर जवळजवळ नक्की सुरू.

नर्सरीने दिलेलं नाव मात्र लिहून ठेवा, मानू नका. ती नावं खपणाऱ्या मालाची असतात, झाडाची नव्हेत.

२. झाडाखाली वाका

वर बघण्याआधी खाली बघा. पडलेली फळं, शंकू, पानांचा थर हे सगळं हाताशी असतं आणि शिडी लागत नाही. पानं वयाप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे रूप बदलतात. शंकू बदलत नाही.

बोराएवढी लाकडी, खडबडीत बोंडं, प्रत्येकावर पक्ष्याच्या चोचीसारख्या उघडलेल्या जोड्या ओळींनी बसलेल्या: सुरू. याला सगळे शंकू म्हणतात, पण तो खरा शंकू नाही. पुष्कळ छोटी फळं एकत्र येऊन झालेला तो गठ्ठा आहे. लांबी १ ते अडीच सेंटिमीटर.

दीड-दोन सेंटिमीटरचा, सहा-आठ जाड खवल्यांचा, प्रत्येक खवल्याला बाहेर वळलेलं शिंग असलेला शंकू: मोरपंखी. कोवळा असताना त्यावर निळसर-पांढरी भुकटी असते, ती बोटाने पुसली जाते.

फुटबॉलसारखे कप्पे पडलेला गोल लाकडी चेंडू: सायप्रस.

सपाट, पंख असलेली पाचर, मधे एकच बी रुतलेलं: अरौकारिया. याचा पूर्ण शंकू जमिनीवर शोधू नका, तो झाडावरच सुटा होतो आणि खवले भिंगरीसारखे खाली येतात. म्हणून ‘आमच्या झाडाला शंकू येतच नाहीत’ असं सांगितलं जातं. येत असतात, पण पार शेंड्याकडे, आणि खाली पोचतात ते तुकडे.

खाली काहीच नसेल तर झाड लहान आहे किंवा कुणीतरी रोज झाडून काढतंय. आठवडाभर झाडू थांबवा.

३. काडी ओढा

सगळ्यांत महत्त्वाची तपासणी हीच आहे, आणि ती पाच सेकंदांत होते.

एक हिरवी ‘सुई’ तोडा. दोन चिमटींत धरून हळूच ओढा. मधेच ‘टक’ करून सांध्यातून सुटली, आणि दुसऱ्या तुकड्यावरही पुन्हा तसंच झालं, तर हे सुरूचं झाड आहे. आपण जिला सुई म्हणतो ती पान नसून बारीक फांदी आहे. दर पाच-आठ मिलिमीटरवर सांधा, आणि खरी पानं म्हणजे त्या सांध्याभोवती गोलाकार बसलेले सूक्ष्म दात. आपल्या सुरूत, म्हणजे कॅज्युअरिना इक्विसेटिफोलियात, ते एका सांध्यावर सहा ते आठ असतात. फोनचा कॅमेरा मोठा करून मोजता येतात. सूचिपर्णी झाडाची सुई अशी सांध्यातून कधीच सुटत नाही. ती वाकते, तुटते, पण कुठेही तुटते.

मिरामार, केरी, गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर ज्यांना पर्यटक ‘पाइन’ म्हणतात ती सगळी हीच. कारवारकडे १८६८ च्या सुमारास सरपणासाठी सुरूची लागवड सुरू झाली आणि मग तो किनाऱ्याने पसरला. पाइनशी त्याचं नातं नारळाचं पाइनशी असेल तेवढंच.

फरक पडतो तो असा. सुरूच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात, म्हणून युरिया घालणं म्हणजे पैसे वाळूत ओतणं. छाटणीचंही तसंच. हा सुरू बुंध्यापासून तोडला तर क्वचितच पुन्हा फुटतो. ‘कापून बघू, आलं तर आलं’ हा प्रयोग इथे करू नये. खाली पडणाऱ्या काड्यांची जाड चटई होते आणि तिच्यातून दुसरं काही सहज वर येत नाही. सुरूखाली भाजी का होत नाही याचं उत्तर खतात नसून त्या चटईत आहे.

४. बाकीचे बहुरूपी बाजूला काढा

सुरू नाही म्हणून लगेच सूचिपर्णी ठरवू नका. आणखी तीन झाडं फसवतात.

‘गोल्डन सायप्रस’ म्हणून खपणारं सोनेरी-पोपटी झुडूप बऱ्याचदा मेलालूका असतं, म्हणजे बॉटलब्रशच्या कुळातलं. पान उजेडासमोर धरा: बारीक पारदर्शक ठिपके दिसले तर ते तेलाचे कप्पे. चुरडल्यावर मसाल्यासारखा किंवा औषधी वास येतो, राळेचा नाही. फांदीला चिकटलेल्या छोट्या लाकडी कुप्या दिसल्या की विषय संपला.

सायकस सूचिपर्णी नाही, आणि माडाच्या कुळातलाही नाही. बुटका खांब आणि डोक्यावर पिसासारख्या कडक पानांचं चक्र. घरात कुत्रं असेल तर हा ओळखणं गरजेचं आहे: सायकसच्या बिया विषारी असतात आणि कुत्री त्या चघळतात.

तिसरा तो सरळसोट खोटा अशोक. लांबून आकारामुळे फसायला होतं, जवळ गेल्यावर रुंद, कडेला लाटा असलेलं पान दिसतं. बंगालीत यालाच ‘देवदारू’ म्हणतात, त्यामुळे कुणी ‘आमच्या बंगल्यात देवदार आहे’ म्हटलं तर हिमालयातल्या झाडाची आशा धरू नका. खरा देवदार इथल्या दमटपणात नांदत नाही.

५. आता पान बघा, पण दोन ठिकाणचं

ॲप फसतं ते बरंचसं इथे. पुष्कळ सूचिपर्णी झाडांची बालपणीची पानं आणि मोठेपणीची पानं वेगळी असतात, आणि मोठ्या झाडावरही सावलीतल्या किंवा नव्या फुटव्यांवर बालपणीची पानं पुन्हा येतात. आपण फोटो काढतो हाताला लागणाऱ्या खालच्या फांदीचा, म्हणजे नेमका चुकीच्या जागेचा. एक फांदी खालची आणि एक शक्य तितकी वरची, उन्हातली घ्या. वरची मिळत नसेल तर वाऱ्याने पडलेली उचला.

मग पानाचा प्रकार ठरवा.

*खवले, चपट्या जाळीत.* पूर्ण फांदी इस्त्री केल्यासारखी सपाट, आणि ती सपाट जाळी उभी, पुस्तकाच्या पानांसारखी. दोन्ही बाजूंचा हिरवा रंग सारखा. ही मोरपंखी, प्लॅटिक्लॅडस ओरिएन्टालिस. शाळेत ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवायचे तीच. नर्सरीवाले थुजा म्हणतात. खऱ्या थुजाची जाळी आडवी पसरते आणि खालची बाजू फिकट असते. तो इथे शोधूनही मिळणं कठीण.

*खवले, पण सगळीकडून, फांदी दोरीसारखी.* सायप्रस किंवा ज्युनिपर. दोरीसारख्या फांद्यांमधे अधूनमधून तीन-तीनच्या चक्रात टोचणारी पानं सापडली आणि शंकूऐवजी वाटाण्याएवढे निळसर मांसल मणी असले तर ज्युनिपर. गोल लाकडी चेंडू असले तर सायप्रस: २ ते ४ सेंटिमीटरचे असतील तर भूमध्य समुद्राकडचा उंच सडपातळ कुप्रेसस सेम्पर्विरेन्स, १ ते २ सेंटिमीटरचे असतील तर कुप्रेसस लुसितानिका.

या शेवटच्या नावापाशी गोव्याचं एक देणं आहे. लुसितानिका मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तो सतराव्या शतकापासून पोर्तुगालमधे बुसाकोच्या मठाच्या रानात वाढत होता, आणि तो गोव्याहून आला असं तिथे मानलं गेलं. नाव पडलं ‘गोव्याचा देवदार’. १७६८ मधे फिलिप मिलरने पोर्तुगालमधल्या झाडांवरून त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेही लुसितानिका, म्हणजे पोर्तुगालचा. झाड मेक्सिकोचं, नाव पोर्तुगालचं, लौकिक गोव्याचा. नर्सरीतल्या पाटीवर रागावण्याआधी हे आठवावं.

*टोकदार, वाकलेली, दाभणासारखी पानं, फांदीभर दाटीने.* अरौकारिया. याची पुढे स्वतंत्र तपासणी आहे.

*चपटी, लांब पानं.* पान ६ ते १२ सेंटिमीटर, मधे ठळक शीर, फांदीवर फिरत्या जिन्यासारखी मांडणी: पोडोकार्पस. मधली शीरच नाही, सगळ्या शिरा समांतर आणि पानं समोरासमोर: नागेया किंवा आगाथिस. आगाथिसचा शंकू चेंडूसारखा मोठा आणि खोडातून पांढरट राळ गळते. तो परसात क्वचित, जुन्या बागांत असतो.

*खरी सुई, तळाशी जुडीने बांधलेली.* फक्त हाच पाइन. जुडीत सुया किती ते मोजा: चीड पाइनमधे ३, हिमालयातल्या निळ्या पाइनमधे ५. गोव्याच्या परसात जुडी सापडली तर नमुना जपून ठेवा, कारण ती दुर्मिळ गोष्ट आहे.

पान चुरडून वास घ्यायला हरकत नाही. मोरपंखीला राळेचा तिखट वास, ‘गोल्डक्रेस्ट’ सायप्रसला लिंबाचा, सुरूला गवताइतपत. चावून मात्र बघू नका. मोरपंखी, पोडोकार्पस, सायकस यांतलं काहीही पोटात जायच्या लायकीचं नाही.

६. अरौकारिया असेल तर: कुक की नॉरफोक?

गोव्यातल्या ‘ख्रिसमस ट्री’चा मोठा वाटा हाच. पाटीवर नॉरफोक आयलंड पाइन लिहिलेलं असतं, म्हणजे अरौकारिया हेटेरोफिला. पण भारतात नॉरफोक म्हणून लावलेली कितीतरी झाडं प्रत्यक्षात कुक पाइन, म्हणजे अरौकारिया कॉलम्नारिस असतात. रोप असताना दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन-तीन मीटरपर्यंतच्या झाडावर छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही शिकलेला असो.

मोठ्या झाडावर चार गोष्टी बघा.

आकार: नॉरफोक रुंद त्रिकोणी, फांद्यांचे मजले सुटे सुटे, मधून आकाश दिसतं. कुक खांबासारखा अरुंद. त्याच्या जुन्या लांब फांद्या गळतात आणि त्यांच्या जागी खोडातून आखूड फांद्या फुटतात, म्हणून तो लांबून बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो.

साल: कुकची साल कागदासारख्या पातळ, आडव्या पापुद्र्यांत सुटते आणि कडा वळतात. नॉरफोकची खवल्यांनी निघते.

शंकू: दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या झूमने शेंडा बघा. कुकचा लांबट, उभा. नॉरफोकचा उंचीपेक्षा रुंद, दाबलेल्या चेंडूसारखा.

कल: हीच सगळ्यांत मजेची खूण. कुक पाइन जगात कुठेही लावला तरी विषुववृत्ताच्या दिशेने कलतो. पाच खंडांतल्या २५६ झाडांची मोजणी २०१७ मधे प्रसिद्ध झाली. सरासरी कल ८.५५ अंश निघाला, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर तितका जास्त. आपण उत्तर गोलार्धात, म्हणून आपल्याकडे कल दक्षिणेकडे. गोवा १५ अंशांवर असल्याने तो फार नसतो, डोळ्याला ‘जरासं वाकडं’ एवढाच. गवंड्याचा ओळंबा धरा, किंवा फोनमधली पातळी आणि होकायंत्र वापरा. चिऱ्याच्या गडग्याच्या कडेशी तुलना करू नका, गडगा स्वतःच सरळ असेल याची खात्री नसते.

कल दक्षिणेला, कित्येक वर्षांपासूनचा, बुंध्याजवळची जमीन घट्ट: घाबरायचं कारण नाही, ती त्या जातीची सवय आहे. कल दुसऱ्या दिशेला, किंवा याच पावसात आलेला, आणि कलाच्या उलट बाजूला जमिनीला भेग किंवा माती उचललेली: ओळख वगैरे सोडा, थेट शेवटच्या भागाकडे जा.

दोन्ही झाडांची नोंद युरोपीयांकडे पोचली ती कॅप्टन कुकच्या १७७४ च्या एकाच सफरीत. न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर लांबून दिसणारे ते खांब दगडाचे की झाडं, यावर जहाजावर वाद झाला होता. ओळखीचा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे.

नाव काहीही निघो, एक गोष्ट दोघांना लागू: शेंडा मारू नका. यांची घडणच एका उभ्या शेंड्याभोवतीची आहे. तो गेला की अनेक शेंडे फुटतात आणि ते सांधे वाऱ्यात फाटतात. मायदेशी ही झाडं ६० मीटरपर्यंत जातात. माडापेक्षा उंच होणारं झाड छपराच्या पन्हाळीखाली किंवा विजेच्या तारेखाली लावलं असेल तर ते कुंडीएवढं आहे तेव्हाच हलवा.

७. भिंग आणि पांढरा कागद

इथून थोडा खर्च. दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग २००-३०० रुपयांत मिळतं आणि आयुष्यभर पुरतं. त्यातून तीन गोष्टी बघायच्या: सुरूच्या सांध्यावरचे दात, खवल्यांच्या पाठीवर राळेची गाठ आहे का, आणि पानाच्या कोणत्या बाजूला पांढरट पट्टे आहेत. हे पट्टे म्हणजे पानाची श्वास घेण्याची छिद्रं. जवळच्या जाती वेगळ्या करताना ती उपयोगी पडतात.

पांढरा कागद वेगळ्या कामासाठी. फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत मोरपंखी आणि ज्युनिपर धुळकट, तपकिरी दिसू लागतात आणि लोकांना वाटतं, ही वेगळीच जात आहे. फांदी कागदावर आपटा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर ती कोळी-कीड. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने आधी झाड धुवा, आठवडाभर एक दिवसाआड. औषधाचा विचार त्यानंतर.

पावसाळ्यात तपकिरी पडणं निराळं. जांभ्या दगडात खोदलेला खड्डा म्हणजे टाकी: पाणी उतरत नाही आणि मोरपंखीची मुळं कुजतात. झाडापासून मीटरभर अंतरावर ३० सेंटिमीटर खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर दोष जातीत नसून जागेत आहे. आतल्या बाजूची, सावलीतली जुनी पानं तपकिरी होणं मात्र नेहमीचंच. ती झटकून टाका. आणि मोरपंखी छाटताना हिरव्या भागातच थांबा, तपकिरी लाकडात कात्री गेली तर तिथे भोक पडतं आणि ते भरत नाही.

८. नमुना तयार करा

इतकं करूनही नाव ठरत नसेल तर अंदाजावर थांबू नका. जाणकाराला लागेल असा नमुना घ्या. पुष्कळ चौकशा निकामी होतात त्या नमुन्यामुळे: कुणी एक पान पाठवतं, कुणी अंधुक फोटो.

फांदी २० ते ३० सेंटिमीटरची, खालची एक, वरची एक. शंकू असतील तर ते वेगळ्या कागदी पाकिटात, कारण सुकले की उघडतात आणि बिया सांडतात. फांद्या वर्तमानपत्रात घालून वर जड पुस्तकं ठेवा. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. उन्हाळ्यात एक दिवसाआड चालेल. आठ-दहा दिवसांत नमुना कडक होतो. पॉलिथिनच्या पिशवीत ठेवू नका. ती पिशवी म्हणजे बुरशीची शाळा.

सोबत चिठ्ठी: तारीख, गाव, अंदाजे उंची, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, सालीचा रंग, वास, किनाऱ्यापासूनचं अंतर. सुकल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात, म्हणून हे ताजेपणीच लिहायचं.

फोटो पाच पुरेत: पूर्ण झाड, बुंधा, फांदी, पानाची मागची बाजू, शंकू. फांदी आणि शंकूशेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, त्यावरून माप काढता येतं. झाडाचा फोटो सूर्याकडे तोंड करून काढू नका. काळी सावली येते आणि तिच्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही.

ताळगावच्या गोवा विद्यापीठातला वनस्पतिशास्त्र विभाग आणि पुण्यातलं भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र इथे वनस्पतींची ओळख हाच विषय आहे. आधी फोन किंवा ईमेल करून विचारा, मग नमुना पाठवा. झाडाला शंकू येत नसतील तर ‘जात सांगता येत नाही, फक्त प्रजाती (जवळच्या जातींचा गट) सांगता येते’ असं उत्तर येऊ शकतं. ते टाळाटाळ नसून प्रामाणिक उत्तर आहे. शंकू येईपर्यंत थांबा.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही असेल तर पुढची तपासणी स्वतः करू नका.

शंकूसाठी झाडावर चढायची वेळ आली. माडावर चढणाऱ्या पाडेल्यालाही अरौकारियावर चढवू नका. माडाच्या खोडाला मिठी मारून चढायचं त्याचं कसब इथे कामाचं नाही. इथे फांद्यांवर भार पडतो, आणि वाळलेली फांदी हिरव्या फांद्यांत लपलेली असते. दोर आणि पट्टे वापरणारा वृक्षतज्ज्ञ बोलवा.

झाड किंवा फांदी विजेच्या तारेपासून हातभर अंतरावर आहे. आधी वीज खात्याला कळवून प्रवाह बंद, मग काम. लांब बांबूने शंकू पाडणं हाही याच यादीतला उद्योग, विशेषतः ओल्या दिवसांत.

कल नवा आहे, बुंध्याशी भेग आहे, किंवा तळाशी अळंब्यांसारखी बुरशी उगवली आहे. मुळं किंवा खोड आतून कुजत असण्याची ही खूण. त्या झाडाखाली गाडी लावू नका, मुलांना खेळू देऊ नका, आणि पाऊस लागण्याआधी तज्ज्ञाला दाखवा.

कुत्र्याने किंवा मुलाने सायकसची बी खाल्ली असल्याचा संशय आहे. उलटी होईल का याची वाट बघू नका. बी सोबत घेऊन मूल असेल तर सरळ हॉस्पिटल, कुत्रं असेल तर पशुवैद्य.

झाड पाडायचं ठरलं आहे. झाड आपल्या परसात असलं तरी गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्जात झाडाचं नाव लिहायचं असतं. तिथे ‘ख्रिसमस ट्री’ लिहू नका; वरच्या तपासण्यांतून जे निघालं ते शास्त्रीय नाव लिहा, आणि सोबत पूर्ण झाडाचा व बुंध्याचा फोटो जोडा.